सव्वीस फुटांची वेल

झाडाला पाणी घालायला कुठे अक्कल लागते, असं ज्यांना वाटतं त्यांनी एक दिवस झारीताईच्या मागून फिरून बघावं. आठ मजल्यांची इमारत, एकशे शहाण्णव कुंड्या, आणि लिफ्ट बहुतेक वेळा साहेबलोकांच्या दिमतीला. सकाळी आठला ती तळमजल्यावर सुरुवात करायची आणि दोनच्या सुमाराला गच्चीच्या दारापाशी पोचायची, तोवर गुडघे कुरकुरायला लागलेले असायचे. झारीताई हे अर्थात तिचं नाव नव्हे. लांब चोचीची पत्र्याची झारी घेऊन फिरते म्हणून कुणीतरी गमतीनं म्हटलं आणि ते चिकटलं. अठ्ठावीस वर्षांनंतर आता हजेरीपटावरचं खरं नाव दिसलं की तिलाच क्षणभर वाटायचं, ही कोण बाई?

ऑफिसांतली झाडं ऑफिसांची नसतात, हे तिथं बसणाऱ्यांनाही फारसं ठाऊक नसतं. ती भाड्यानं आणलेली. महिन्यातून एका रविवारी, इमारत रिकामी असताना, मान टाकू लागलेलं झाड उचलायचं आणि त्याच जातीचं, त्याच उंचीचं, शक्यतो तितक्याच पानांचं दुसरं झाड त्याच जागी ठेवायचं. कंपनीत याला ‘बदली’ म्हणतात. सोमवारी साहेब येतो, झाडाकडे बघतो आणि आपल्या हाताला गुण आहे असं समजून खूश होतो. चौथ्या मजल्यावरची एक टायपिस्ट तर सात वर्षं एकाच झाडाशी मनातलं बोलत होती. तेवढ्यात तीन झाडं होऊन गेली होती. झारीताईनं कधी तोंड उघडलं नाही. पिवळं पान गिऱ्हाइकाच्या नजरेला पडता कामा नये हा कंपनीचा पहिला नियम, आणि मेलेलं झाड तर मुळीच नाही, हा दुसरा. तिसऱ्या नियमाची गरज कुणाला पडली नव्हती.

दोनला सुटली की मात्र ती जीव मुठीत धरून घर गाठायची. घरी पेंटर असायचा, एकटा.

पेंटर म्हणजे तिचा नवरा. त्यानं चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. अक्षर इतकं देखणं, की लोक पाटी बघायला थांबतात आणि दुकानात शिरायचं विसरतात, अशी त्याची थट्टा व्हायची. गेल्या तीन वर्षांत त्याच्या डोक्यातलं एकेक पुसलं जात होतं. आधी शेजाऱ्यांची नावं गेली, मग वार गेले, मग घरातली दारं गेली. घर ते केवढं, दोन खोल्या आणि मधला पॅसेज. पण खिडकीजवळच्या खुर्चीतून बाथरूमला म्हणून उठलेला माणूस स्वयंपाकाच्या ओट्यापाशी जाऊन उभा राहायचा. दोनदा तर खालच्या जिन्यात सापडला. शेजारणीनं हाताला धरून आणून सोडलं, तर तिचे आभार मानून त्यानं तिलाच आत बोलावलं आणि तुमचं घर छान आहे म्हणून सांगितलं.

लेक शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. औषधाच्या दुकानात दिवसभर उभ्यानं काम आणि मागे दोन लहान मुलं. तिनं आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, की एक तर आईनं काम सोडावं, नाही तर बाबांना अशा माणसांना सांभाळणाऱ्या आश्रमात ठेवावं. एक आश्रम तिनं बघूनही ठेवला होता. स्वच्छ होता, पुढे अंगण होतं. लेकीचं चुकत होतं असं नाही. पण झारीताईची पेन्शन लागू व्हायला दोन वर्षं राहिली होती. इतकी वर्षं झिजून शेवटच्या दोन वर्षांसाठी त्यावर पाणी सोडायचं, हे तिला पटत नव्हतं. आणि पेंटरला परक्यांच्या हवाली करायचं तर तिच्या जिवावर यायचं. शेवटी मायलेकींत असं ठरलं, की बाबा जोवर आपले आपण बाथरूमला जाऊन परत खुर्चीत येऊन बसतात आणि बाहेरच्या दाराकडे जात नाहीत, तोवर ते घरी राहतील. ज्या दिवशी हे जमेनासं होईल त्या दिवशी आश्रम. खुर्चीपासून बाथरूमपर्यंत सव्वीस फूट होते, झारीताईनं टेपनं मोजले होते. चाळीस वर्षांचा संसार त्या सव्वीस फुटांवर येऊन ठेपला होता.

आधी तिनं भिंतीवर कागदी बाण चिकटवले. पेंटर बाणापाशी थांबायचा, मान तिरकी करून न्याहाळायचा आणि विचारायचा, हा काढलाय कुणी, टोक बसकं आलंय. एका दुपारी ती घरी आली तर सगळे बाण सोडवून त्यानं टेबलावर मांडले होते आणि पेन्सिल घेऊन एकेकाचं टोक सुधारत बसला होता. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. याची तर आठवण गेली तरी खोड शाबूत होती. बाण फार सुंदर झाले होते, पण त्यांचा उपयोग शून्य.

खिडकीत एक मनीप्लांट होता. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. त्या झाडानं घरात कधी पैसा आणल्याचं कुणाला आठवत नव्हतं. लेक शाळेत होती तेव्हा गोदामातल्या फेकून द्यायच्या ढिगातून झारीताईनं दोन पेरांची एक कांडी उचलून आणली होती, ती आता चौकट ओलांडून भिंतीवर दहा-बारा फूट पसरली होती. एका संध्याकाळी तिनं बघितलं, तर पेंटर वेलीवर बोट ठेवून चालत होता. एका पानावरून पुढच्या पानावर, लहान मूल ओळीवर बोट ठेवून वाचतं तसा. वेल संपली तिथं तो थांबला आणि आता पुढं काय, म्हणून तिच्या तोंडाकडे बघू लागला.

दुसऱ्या दिवसापासून तिनं वेल वळवायला घेतली.

वेल वळवायची म्हणजे ओढायची नाही. मनीप्लांट स्वभावानं गरीब, पण जबरदस्ती केली तर पेरापाशी मोडतो. शेंडा हवा त्या दिशेला अलगद फिरवायचा, दोन पेरं सोडून एक बारका खिळा मारायचा, खिळ्याला जुन्या चादरीची चिंधी सैल बांधायची आणि मग आठवडाभर तिकडे बघायचंही नाही. खिडकीकडे फुटणारे धुमारे ती खुडून टाकायची, म्हणजे सगळा जोर शेंड्याला मिळायचा. पॅसेजमध्ये उजेड कमी, तिथं पानं बारीक आणि लांब लांब यायला लागली, म्हणून तिनं दिवसाही दिवा चालू ठेवला. रविवारी ओल्या फडक्यानं पान न पान पुसायची. चौदा महिन्यांत वेल भिंतीनं गेली, कोपरा वळली आणि पॅसेजमधून बाथरूमच्या दाराला जाऊन टेकली. बाहेरच्या दाराच्या बाजूला तिनं एक पानही जाऊ दिलं नाही. पेंटर वेलीच्या आधारानं जायचा आणि वेलीच्या आधारानं परत यायचा, आणि झारीताईला सहा तास घराबाहेर राहता यायचं. लेक दर दोन महिन्यांनी यायची, बाबांना जाताना-येताना बघायची आणि परत जायची.

पाणी घालायचं काम झारीताईनं त्यालाच दिलं होतं. त्याच्या हाताला घरात तेवढंच काम उरलं होतं. बुधवारी आणि शनिवारी दोन पेले, तेही आधी माती बोटानं चाचपून. एवढं सांगून ती निर्धास्त झाली आणि तिथंच फसली. झाडं तहानेनं मरत नाहीत, पाण्यानं मरतात, हे ऑफिसा-ऑफिसांतून सांगून जिचा घसा बसला, त्या बाईनं घरच्या कुंडीत दोन महिने बोट घातलं नव्हतं. तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही. दिवसाला एकशे शहाण्णव कुंड्या चाचपणाऱ्या बाईला घरी येऊन एकशे सत्त्याण्णवावी चाचपायचा कंटाळा येणारच. दिव्याखाली अंधार असतो तो असा. शिवाय तिचा भरवसा होता तो नजरेवर. पाणी जास्त झालं की पान पिवळं पडतं, आणि पिवळं पान तिला तीस पावलांवरून दिसायचं. घरच्या वेलीची पानं जरा विरळ झाली होती, पण ते तिनं कमी उजेडावर ढकललं. पिवळं पान औषधालाही नव्हतं, तेव्हा तिच्या हिशेबानं काळजीचं कारणही नव्हतं.

गुरुवारी ती घरी आली तेव्हा पॅसेजमधली पानं लोंबत होती. तहानली असतील असं तिला आधी वाटलं. कुंडीपाशी जाऊन बुंध्याला हात लावला, तर बुंधा हातात आला, काळा आणि उकडल्यासारखा मऊ. कुंडीतून जो वास आला तो तिनं झोपेतही ओळखला असता. तिनं बोट मातीत घातलं, तर नुसता चिखल. खालची ताटली मात्र कोरडी होती आणि भोवतालची फरशी स्वच्छ पुसलेली. आज पाणी घातलंत का, असं तिनं पेंटरला विचारलं. तो म्हणाला, नाही, अजून राहिलंय, आणि पेला घ्यायला उठला.

तिनं त्याला परत बसवलं आणि स्वतः कुंडीजवळ जमिनीवर बसली. आता आपल्याला रडू येणार असं तिला वाटलं, पण रडायलाही अंगात त्राण लागतं.

मग उठून जेवढं करण्यासारखं होतं तेवढं तिनं केलं. वेलीच्या टोकाकडच्या धुमाऱ्यांतलं जे अजून टणक होतं त्याच्या कांड्या कापल्या, पेरापाशी मुळाचा तपकिरी कोंब असलेल्या तेवढ्या निवडल्या आणि औषधाच्या रिकाम्या बाटल्यांत पाणी घालून त्यात ठेवल्या. बाटल्यांना त्या घरात तोटा नव्हता. पण कांडीला मुळं फुटायला तीन आठवडे, नवं पान यायला महिना, आणि बाथरूमच्या दारापर्यंत पोचायला वर्ष-दीड वर्ष. लेक रविवारी यायची होती. उरलेली वेल तिनं खिळ्यांवर तशीच राहू दिली. मेलेली का होईना, वाट तर दाखवेल असं तिला वाटलं.

शुक्रवारी ती आली तेव्हा पेंटर पॅसेजच्या कोपऱ्यावर भिंतीला हात लावून उभा होता. पुढची पानं गळून फरशीवर पडली होती आणि त्याला पुढं कुठं जायचं ते कळलं नव्हतं. पँट ओली होती. किती वेळ उभा होता कुणास ठाऊक, पोटऱ्या थरथरत होत्या. ती दिसल्यावर तो म्हणाला, इथं रस्ता खोदून ठेवलाय बहुतेक. तिनं त्याला आंघोळ घातली, कपडे बदलले, फरशी पुसली आणि लेकीला फोन केला नाही. फोन केला असता तर ठरल्याप्रमाणे सगळं तिथंच संपलं असतं.

त्या रविवारी बदली होती. लेक सकाळीच आली, बाबांपाशी बसते म्हणाली. तिच्या पर्समधून आश्रमाच्या अर्जाचं पाकीट डोकावत होतं. दर खेपेला ती ते घेऊन यायची आणि न काढताच घेऊन जायची. भिंतीवरच्या वेलीकडे तिनं एकदा बघितलं, मग आईकडे बघितलं. आई म्हणाली, आज बदलून आणते, आणि ॲप्रन चढवून निघाली.

गोदामाच्या सुपरवायझरला झारीताई मनातल्या मनात झारीतले शुक्राचार्य म्हणायची. आतून काहीही मागा, वाट अडवायला हा हजर. माणूस तिच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, पण पानाचासुद्धा हिशेब ठेवणारा. हिरव्या जाळीखाली, सगळ्यात मागे, एका हॉटेलच्या जिन्यासाठी वाढवलेला मनीप्लांट टांगलेला होता. चौदा फूट, पानं तळहाताएवढी. तिनं तो मागितला. त्यानं नेहमीप्रमाणे मान हलवायला सुरुवात केली. गिऱ्हाईक कोण, मजला कितवा, अर्ज कुठाय, असं तो विचारत गेला. झारीताईनं सांगितलं की गिऱ्हाईक घरचंच आहे. मग तिनं अठ्ठावीस वर्षांत न केलेली गोष्ट केली, पेंटरची सगळी हकीकत त्याला उभ्या उभ्या सांगून टाकली. सांगताना तिची तिलाच लाज वाटत होती, पण बोलणं थांबत नव्हतं. सुपरवायझर ऐकता ऐकता खाली बघू लागला.

“मेलेल्यांत दाखवतो,” तो शेवटी म्हणाला. “घेऊन जा, ताई. आज बाकीचं आम्ही बघतो.”

चौदा फूट म्हणजे कोपऱ्यापर्यंत. कोपऱ्यापुढचं पुढं बघू, असं तिनं ठरवलं. कुंडी पोटाशी धरली, वेल खांद्यावरून आणि गळ्याभोवतीनं दोन वेढे देऊन घेतली आणि बसनं घर गाठलं. बसमध्ये एकानं उठून तिला जागा दिली, ती तिच्यासाठी की झाडासाठी ते कळलं नाही. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत तिला धाप लागली होती. हात मोकळे नव्हते म्हणून कोपरानं बेल दाबली.

दार पेंटरनं उघडलं. लेक त्याच्या मागून स्वयंपाकघरातून हात पुसत धावत येत होती.

“या,” पेंटर दबक्या आवाजात म्हणाला. “बरं झालं लवकर आलात.”

थट्टा करतोय, असं तिला वाटलं. पूर्वी तो असली सोंगं पुष्कळ करायचा. मग पानांच्या फटीतून तिनं त्याचे डोळे बघितले. त्यांत ओळख नव्हती, दारात आलेल्या माणसाशी वागायची नुसती सभ्यता होती.

“तुम्ही झाडांच्या कंपनीतल्या ना? आमची हीसुद्धा तिथंच असते,” तो म्हणाला. “एक बदली करायची होती. तुमच्यात गुपचूप करून देतात, असं ही सांगायची.”

लेकीनं तोंड उघडलं, तशी झारीताईनं तिला डोळ्यांनीच गप्प केलं. पेंटर खुर्चीपाशी गेला, बसायची उशी उचलली आणि खालून वर्तमानपत्राची एक घडी काढून आणली. ती त्यानं जपून उलगडली. आत पिवळी पानं होती. तळाची वाळून कुरकुरीत झालेली, वरची अजून ओलसर, एकावर एक नीट रचलेली. साठ-सत्तर तरी असतील.

“रोज एक-दोन निघायची,” तो म्हणाला. “ती यायच्या आत काढून ठेवायचो. दिवसभर झाडांचंच करून दमून येते हो ती. घरी येऊन पुन्हा पिवळं पान कशाला दिसायला हवं? पाणी घालत होतो, पुसून घेत होतो, हयगय केली नाही. तरी मेलीच. फार वर्षांची होती. तिला कळता कामा नये.”

झारीताई त्या पानांकडे बघत राहिली. या माणसाला वार आठवत नव्हते, पाणी घातल्याचं पाच मिनिटं आठवत नव्हतं, स्वतःच्या घराचं दार आठवत नव्हतं. पण दुपारी कुणीतरी दमून येतं आणि तिला पिवळं पान दिसू द्यायचं नाही, हे तो एक दिवसही विसरला नव्हता. त्यामुळेच तिला काही कळलं नव्हतं, आणि त्यामुळेच वेल मेली होती. तिला त्याचा राग आला, आणि त्याच्यावर इतकी माया दाटून आली की कुंडी हातातून सुटेल की काय असं झालं.

“नाही कळणार,” ती म्हणाली. गिऱ्हाइकांशी बोलायचा तिचा एक आवाज होता, त्या आवाजात.

मग तिनं बदली केली. जुनी वेल चिंध्यांमधून सोडवून गुंडाळली, नवी कुंडी खिडकीत ठेवली आणि वेल एकेका खिळ्यावरून पुढं नेत गेली. पेंटर शेजारी उभा राहून चिंध्या हातात देत होता. हा खिळा हलतोय, ते पान उलटं आलंय, असं मध्ये मध्ये सांगत होता, आणि ते दर वेळी बरोबर होतं. नवी वेल कोपऱ्यापाशी संपली. तो पॅसेजमध्ये डोकावला आणि गंभीर झाला. आधीची पार त्या टोकापर्यंत होती, तिच्या ध्यानात येईल, असं म्हणाला. उरलेली लवकरच येईल, असं तिनं सांगितलं.

“तुम्ही आता निघा,” पेंटर घड्याळाकडे बघून म्हणाला. घड्याळ त्याला वाचता येत नव्हतं, पण बघायची सवय होती. “तिची यायची वेळ झाली. हे कुजकं सगळं घेऊन जा. आणि जिन्यात भेटली तर काही बोलू नका तिच्याशी.”

त्यानं दार लावून घेतलं. ती मेलेली कुंडी आणि पानांची घडी घेऊन स्वतःच्याच घराबाहेर उभी राहिली. दोन पायऱ्या उतरली आणि तिसरीवर बसली.

थोड्या वेळानं लेक दार ओढून बाहेर आली आणि तिच्या शेजारी टेकली. बाबांना खुर्चीत बसवून आले, म्हणाली. हे कधीपासून, असं तिनं विचारलं, तेव्हा झारीताईनं काही लपवलं नाही. याआधी तीन-चारदा त्यानं आपल्याला ओळखलं नव्हतं, पण ते घटकाभर. शुक्रवारचंही सांगितलं. तो पॅसेजमध्ये उभा होता, ओला, किती वेळ ते माहीत नाही, आणि आपण मुद्दामच फोन केला नाही. लेक म्हणाली की राहू दे गं आई, आणखी दोन महिने बघू, मी सकाळच्या वेळात काही जमतंय का ते बघते. तिचा चेहरा रडवेला झाला होता आणि तिला हे जमणार नाही हे दोघींनाही माहीत होतं.

“नको,” झारीताई म्हणाली. “मला नाही होत आता. आणि त्यांनाही होत नाहीये. मला वाटत होतं मी त्यांना सांभाळते. ते आठ ते दोन माझी काळजी वाहत बसतात, इतक्या मोडक्या डोक्यानं. त्यांनाही सुटी नको का?”

लेकीनं तिचा हात धरला. हात मातीनं भरला होता.

“अर्ज दे, सही करते,” झारीताई म्हणाली. “फक्त तिथं भिंतीला खिळे मारू देतात का, तेवढं विचार.”

विचारते, असं लेक म्हणाली. झारीताई उठली. तिनं ॲप्रन काढून त्याची घडी केली, ती कुंडीवर ठेवली आणि कुंडी लेकीच्या मांडीवर दिली. पदरी पडेल ते घ्यायचं, असं मनाशी म्हणत केसांवरून हात फिरवला. तीन पायऱ्या चढून जायला तिला बराच वेळ लागला. बेल दाबताना तिला भीती वाटत होती, की याही वेळी दार उघडून तो ‘या’ म्हणेल.

दार उघडलं. पेंटरनं तिच्याकडे बघितलं आणि त्याचा चेहरा उजळला.

“आलीस?” तो म्हणाला, आणि वेलीच्या पुढ्यात जाऊन असा उभा राहिला, की तिला ती दिसू नये. मग त्याचं तिच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं. “दमलीस ना?”

लग्न झाल्यापासून या प्रश्नाला ती नाही म्हणत आली होती. तिची आई तसंच म्हणायची, आणि असं म्हणायचं असतं अशीच तिची समजूत होती.

“हो,” ती म्हणाली. “फार दमले.”

त्यानं तिला हाताला धरून आपल्या खुर्चीत बसवलं.

“मग बस इथं,” तो म्हणाला. “झाडांचं मी बघितलंय. तुला आज काही करायचं नाही.”